न खपलेल्या तबकड्या

माझ्याकडच्या एका सीडीच्या पाठीवर क्रमांक आहे ००१. आतली गाणी ओहायो राज्याची राजधानी कोलंबस इथली, १९७०च्या आसपासची. ती काढणाऱ्या कंपनीचं नाव कॅपसोल आणि मालकाचं बिल मॉस. मॉस स्थानिक रेडिओवर निवेदक होता, स्वतः गायचाही. शहरातल्या गात्या पोरांना त्याने गोळा केलं, मोजक्या सिंगल काढल्या आणि थोड्याच वर्षांत दुकान बंद केलं. पुढे तो कोलंबसच्या शाळा मंडळावर निवडून गेला आणि तिथल्या लोकांच्या लक्षात राहिला तो मंडळातल्या भांडणांमुळे. गाणी विसरली गेली.

२००३ साली शिकागोत तिघांनी न्यूमेरो ग्रुप नावाची कंपनी काढली, बुडालेल्या कंपन्यांचं संगीत पुन्हा बाजारात आणण्यासाठी. पुढच्या वर्षी त्यांचं पहिलं संकलन निघालं, 'एक्सेंट्रिक सोल : द कॅपसोल लेबल'. ००१ ते हेच. २००५ साली बिल मॉस वारला. म्हणजे आपल्या बुडीत धंद्याला नवं पुठ्ठ्याचं घर मिळालेलं त्याने जेमतेम पाहिलं.

'दुर्मीळ' हा शब्द मला या सीडीने नव्याने शिकवला. जुन्या पुस्तकांच्या दुकानात तो आपण आदराने उच्चारतो, काचेच्या कपाटाकडे बोट दाखवतो. पण रेकॉर्ड दुर्मीळ का होते? बहुतेक वेळा ती तेव्हा कुणी विकत घेतली नाही म्हणून. खपलेल्या रेकॉर्डी ढिगाने सापडतात. सोल आणि फंकच्या संग्राहकांच्या जगात ज्या तबकडीसाठी आज लोक महिन्याचा पगार मोजतात, ती बहुधा कुणाच्या तरी आयुष्यातली सगळ्यात मोठी निराशा असते. हे एकदा डोक्यात बसलं की संग्रह करण्याची मजा थोडी कडवट होते. मजा जात नाही, पण हिशोब विचारावासा वाटतो.

ज्यांना हे संगीत अगदीच परकं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सोल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गाणं देव सोडून प्रेयसीकडे वळलं ते. मुख्य गायकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. आपल्याकडे कीर्तनात बुवा आणि टाळकरी करतात तेच. फंक हे त्याचं धाकटं, आडदांड भावंड. जेम्स ब्राउनच्या बँडने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात चाल आणि सुरावट मागे ढकलून सगळ्या वाद्यांना तालवाद्य केलं, अगदी गिटार आणि ट्रम्पेटसुद्धा. पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकत्र येऊन आदळायचं. ब्राउन तिला 'द वन' म्हणायचा. आपण सम म्हणतो. सम कळणाऱ्या माणसाला फंक समजावून सांगावा लागत नाही.

या गाण्यांचा छोटा उद्योग कसा चालायचा ते कळलं की न खपण्याची कारणं कळतात. गावातला एखादा निवेदक, न्हावी किंवा रेकॉर्डचा दुकानदार पदरचे पैसे घालून पाचेकशे-हजार प्रती काढायचा. सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी, मधे मोठं भोक असलेली तबकडी. गाडीच्या डिकीत टाकून रेडिओ स्टेशनं पालथी घालायची. गाणं वाजलं नाही तर प्रती तळघरात. आणि वाजलं तर? कारखान्याला नव्या प्रतींचे पैसे रोख द्यावे लागत, वितरक मात्र महिनोन्‌महिने उधारी ठेवत आणि उरलेला माल परत पाठवत. एखादं गाणं गाजलं आणि त्यामुळेच कंपनी बुडाली, असं त्या काळात सर्रास घडे. आपल्याकडच्या छोट्या प्रकाशकांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

दुर्मीळपणाचं पहिलं वेड मात्र अमेरिकेत लागलं नाही. ते लागलं इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गिरणी-खाणींच्या गावांत. मँचेस्टरचा ट्विस्टेड व्हील हा नाचण्याचा क्लब, मग १९७३ ते १९८१ विगन कसिनो. आठवडाभर राबणारी तरुण पोरं शनिवारी रात्री तिथे जमत आणि सकाळपर्यंत नाचत. नाचायला त्यांना लागायची मोटाऊन या बड्या सोल कंपनीच्या धर्तीची वेगवान गाणी, पण मोटाऊनची गाजलेली नकोत. डेट्रॉइट-शिकागोतल्या कुठल्यातरी अज्ञात गायकाची, अमेरिकेत सपशेल पडलेली. लंडनमध्ये दुकान चालवणाऱ्या डेव्ह गॉडिनने या आवडीला 'नॉर्दर्न सोल' असं नाव दिलं. बॉस्टन किंवा फिलाडेल्फियाच्या गोदामात सडणारा माल विगनच्या लाकडी फरशीवर सोनं झाला. गाणाऱ्याला मात्र याचा पत्ता नसायचा. तो कुठेतरी बस चालवत असायचा.

तिथले डीजे एक गंमत करत. हाती लागलेल्या तबकडीच्या लेबलवर कोरा कागद चिकटवायचे आणि गायकाचं खोटं नाव सांगायचे, म्हणजे दुसऱ्या डीजेला ती शोधता येऊ नये. हे वाचून मला आपले उस्ताद आठवले. घराण्यातली चीज बाहेर जाऊ नये म्हणून मैफलीत शब्द चावून गाणारे, शिष्यालाही अंतरा न देणारे. भातखंड्यांनी गावोगाव हिंडून, विनवण्या करून त्या चिजा मिळवल्या आणि क्रमिक पुस्तकांत छापून टाकल्या, तेव्हा किती जणांच्या पोटात दुखलं असेल! सोलच्या जगातही ही दोन माणसं कायम समोरासमोर उभी आहेत. एक लेबलवर कागद चिकटवणारा, दुसरा तो खरवडून काढणारा.

या खेळातली सगळ्यात प्रसिद्ध तबकडी फ्रँक विल्सनची, 'डू आय लव्ह यू (इनडीड आय डू)'. १९६५ साली मोटाऊनच्या 'सोल' या उपलेबलसाठी तयार झालेली. प्रसिद्धीसाठीच्या प्रती दाबून झाल्या होत्या. मग विल्सनने गाण्यापेक्षा निर्मितीत राहायचं ठरवलं आणि प्रती नष्ट केल्या गेल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. इंग्लंडमध्ये हे गाणं आधी 'एडी फॉस्टर' या खोट्या नावाने वाजलं. यातली एक प्रत २००९ साली २५,७४२ पौंडांना गेली आणि २०२० साली एक लाख पौंडांना. विल्सन नंतर मोटाऊनचा यशस्वी निर्माता झाला, पुढे धर्मोपदेशक झाला, २०१२ साली वारला. त्या पौंडांतला एक पेनीही त्याच्या गायकीचा मोबदला नव्हता. जुना माल पुन्हा विकला गेला की गायकाला काही मिळत नाही, हा जगभरचा नियम.

पण हेच गाणं १९७९ साली ब्रिटनमध्ये साध्या सिंगलच्या रूपात पुन्हा निघालं होतं, साध्या किमतीला. कानाला दोन्हींत फरक नाही. लाखवाला माणूस गाणं विकत घेत नाही, तो इतरांकडे नसणं विकत घेतो. मला त्याचा राग नाही. वेड मीही समजू शकतो. माझी माणसं मात्र दुसऱ्या बाजूची.

त्या बाजूचं मोठं नाव म्हणजे लंडनच्या एस रेकॉर्ड्सचं केंट हे लेबल. १९८२ साली एडी क्रॉसडेलने नाचणाऱ्यांसाठी निवडलेल्या जुन्या गाण्यांची पहिली एलपी काढली, 'फॉर डान्सर्स ओन्ली'. तोवर नॉर्दर्न सोलच्या बाजारात चोरट्या प्रतींचा सुकाळ होता. केंटने रीतसर परवाने घेतले, मूळ टेपा मागवल्या, आणि टेपांच्या खोल्या उघडल्यावर भलतंच घडलं. ज्यांची तबकडी कधी निघालीच नव्हती अशी गाणी सापडू लागली. मेल्बा मूरचं 'द मॅजिक टच' १९६०च्या दशकात ध्वनिमुद्रित होऊन पडून होतं. लोकांपर्यंत आलं ते केंटमार्फत, १९८०च्या दशकात. खुद्द गॉडिननेही १९९७पासून केंटसाठीच 'डीप सोल ट्रेझर्स'चे चार खंड निवडले. ते नाचायचे नाहीत. रात्री एकट्याने ऐकायचे आहेत, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना.

संकलन म्हणजे जुन्याची पुन्हा भरलेली पिशवी, असं वाटत असेल तर एक उदाहरण देतो. जेम्स ब्राउनचं 'फंकी ड्रमर' १९७० साली सिंगल म्हणून आलं आणि गेलं. कुठल्याही एलपीवर ते नव्हतं. १९८६ साली 'इन द जंगल ग्रूव्ह' या संकलनात ते पहिल्यांदा एलपीवर आलं. त्यात सगळी वाद्यं थांबून फक्त ड्रम वाजतो असे काही क्षण आहेत, वाजवणारा क्लाइड स्टबलफील्ड. नेमकं तेव्हाच सॅम्पलर नावाचं यंत्र हिप-हॉपवाल्यांच्या हाती आलं होतं. त्यांनी ते काही सेकंद उचलले आणि शेकडो गाण्यांखाली बसवले. एका पुनर्प्रकाशनाने पुढच्या दशकाचा ठेका ठरवला.

स्टबलफील्डला काय मिळालं? गाण्याचा रचनाकार म्हणून त्याचं नाव नव्हतं, त्यामुळे शून्य. ठेका ही रचना मानली जात नाही. आपल्याकडे तबलजीला नावही छापून न देण्याचे दिवस होतेच, तेव्हा फार नाक मुरडायला नको. त्याच्या कर्करोगाच्या उपचारांचे सुमारे ९० हजार डॉलर गायक प्रिन्सने गुपचूप भरले होते. हे स्टबलफील्डने प्रिन्स गेल्यावर, २०१६ साली सांगितलं. पुढच्या फेब्रुवारीत तो स्वतः गेला.

ज्याने स्वतःचा हिशोब स्वतः मागितला त्याचं नाव सिल जॉन्सन. जन्म १९३६, मिसिसिपी राज्यात; वाढ आणि कारकीर्द शिकागोत. १९६७चं 'डिफरंट स्ट्रोक्स' आणि १९६९चं 'इज इट बिकॉज आय अ‍ॅम ब्लॅक' ही त्याची ट्वायनाइट लेबलवरची गाणी. दुसरं तर संथ, जखमी, आणि त्या काळच्या अमेरिकेत भलतं धाडसाचं. नंतर तो मेम्फिसच्या हाय रेकॉर्ड्सकडे गेला. तिथे अल ग्रीन नावाचा सूर्य तळपत होता आणि सिल जॉन्सन सावलीत राहिला. १९८०च्या दशकात गाणं जवळपास सोडून त्याने तळलेल्या माशांची दुकानं काढली.

आणि मग रेडिओवर त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येऊ लागला. 'डिफरंट स्ट्रोक्स'ची सुरुवात म्हणजे हुंकार, हसणं आणि ताठ कण्याचा ड्रम. सॅम्पलिंगवाल्यांसाठी ताट वाढूनच ठेवलेलं. सिल एकेकाचा पाठलाग करत सुटला. वू-टँग क्लॅन या हिप-हॉप गटाने पैसे दिले, आणि आपलं घर त्या पैशांतून उभं राहिलं असं तो मजेत सांगायचा. सायप्रस हिल या गटाने मात्र १९९३च्या अल्बममध्ये 'इज इट बिकॉज...'चा तुकडा वापरला, आणि ते प्रकरण कोर्टात गेलं.

तिथे त्याला भेटली एक तारीख : १५ फेब्रुवारी १९७२. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ध्वनिमुद्रणाला हक्काचं संरक्षण दिलं ते या दिवसापासून पुढच्या मुद्रणांना. आधीची सगळी मुद्रणं राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या नियमांवर सोडलेली. म्हणजे सोलचं जवळपास सगळं सुवर्णयुग त्या रेषेच्या चुकीच्या बाजूला! सिलच्या वकिलांनी दावा केंद्रीय कायद्याखाली लावला होता. चूक लक्षात येईस्तोवर उशीर झाला, दावा बदलायची परवानगी मिळाली नाही आणि २०११ साली अपीलही फेटाळलं गेलं. त्याच वर्षी त्याने कान्ये वेस्ट आणि जे-झी या रॅपरांवर 'द जॉय' या गाण्यासाठी नवा दावा ठोकला. २०१२ साली तो तडजोडीने मिटला. कायद्यातली ती फट बुजायला २०१८ उजाडलं.

न्यूमेरो ग्रुपला सिल हवा होता, पण आयुष्यभर फसवला गेलेला माणूस चौथ्या-पाचव्या कंपनीवर विश्वास का ठेवेल? २००७ साली त्यांनी ट्वायनाइटच्या बाकी गायकांचं संकलन काढलं. घरचा मोठा मुलगा, म्हणजे सिल, त्यात नव्हता. २०१० साली अखेर 'कम्प्लीट मिथॉलॉजी' आलं. सहा एलपी, चार सीडी, ८१ गाणी आणि एक जाडजूड पुस्तिका. ग्रॅमीसाठी नामांकन मिळालं, आणि सत्तरी ओलांडलेला सिल पुन्हा रंगमंचावर उभा राहिला. २०२२च्या फेब्रुवारीत तो गेला, त्याचा भाऊ, ब्लूज गायक जिमी जॉन्सन गेल्यानंतर आठवड्याभरात.

हा संच मी मागवला तेव्हा टपालखर्च आणि जकात मिळून निम्मी किंमत वर पडली. आईने खोका बघून विचारलं की इतकी गाणी ऐकणार कधी. खरं उत्तर असं होतं, की मी आधी पुस्तिका वाचणार. सहा दिवस मी फक्त पुस्तिकाच वाचली. जुने करारनामे, पोस्टर, स्टुडिओच्या वहीची पानं, कोणत्या दिवशी कोण वाजवायला होतं त्याच्या नोंदी. माझ्या मते पुनर्प्रकाशनाची किंमत आहे ती या कागदांची. गाणं आता फोनवर फुकट मिळतं. बास गिटार कुणी वाजवली ते मिळत नाही.

एक सवय मात्र लावून घेतली आहे. नवी छापलेली जुनी एलपी हातात आली की मागच्या बाजूला तळाशी बारीक अक्षरात परवाना कुणाकडून घेतला ते लिहिलंय का, ते आधी बघतो. नसेल तर खाली ठेवतो. चोरटी एलपी दिसायला खऱ्यापेक्षा देखणीही असू शकते. एकदा फसलोही आहे : जाड व्हायनिल, चकचकीत पुठ्ठा, आणि आतला आवाज कुठल्यातरी फाइलवरून उतरवलेला, पत्र्याच्या डब्यात गायल्यासारखा.

चांगल्या आवाजासाठी काय करावं लागतं, ते ऐकण्यासारखं आहे. मूळ टेप मिळाली तर उत्तम, पण १९७०च्या मध्यापासूनच्या काही टेपांचा चिकटा हवेतला ओलावा शोषतो. वाजवायला गेलं की टेप यंत्राला चिकटते आणि तिच्यावरचं संगीत खरवडून निघतं. म्हणून ती आधी साधारण ५४ अंश सेल्सियसवर काही तास भाजतात. पापड वाळवण्याची आठवण यावी असा हा प्रकार, फक्त इथे एकच घाणा, आणि तो बिघडला की संपलं. टेप नसेल तर त्यातल्या त्यात धडक्या तबकड्या जगभरच्या संग्राहकांकडून मागवायच्या आणि त्यांवरून आवाज उतरवायचा. त्यातही अनेक अमेरिकन सिंगल व्हायनिलऐवजी स्वस्त स्टायरीनच्या होत्या. त्या शंभरेक वेळा वाजल्या की आवाज करवंटीसारखा खरखरतो. इथे गंमत अशी, की लेबलवर कागद चिकटवून तबकडी जपून ठेवणारा तो कंजूष माणूसच शेवटी कामाला येतो. त्याने तिला कुणालाही हात लावू दिला नाही म्हणून ती शाबूत.

नव्या एलपीसाठी सहसा पुन्हा लॅकरचा थर दिलेली चकती कोरावी लागते. जगात या चकत्या करणारे कारखाने दोनच होते. त्यातला कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावचा, ६ फेब्रुवारी २०२० रोजी जळून खाक झाला. उरला जपानमधला. एवढ्या मोठ्या छंदाचा डोलारा एका खांबावर उभा होता.

मराठी वाचकाला संग्राहक नवे नाहीत. १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी 'द रेकॉर्ड न्यूज'मधून लाखेच्या तबकड्यांचा इतिहास लिहून काढला. बालगंधर्वांपासून विस्मृतीत गेलेल्या गायिकांपर्यंत. आणि फंकवाल्यांची नजर मुंबईकडेही वळलीच. 'ब्लॅक आइड पीज'नी २००५ साली 'डोंट फंक विथ माय हार्ट'मध्ये कल्याणजी-आनंदजींच्या 'अपराध' आणि 'डॉन'मधले तुकडे वापरले; दोन्ही मूळ गाणी आशा भोसल्यांची. चोरबाजारात हिंदी चित्रपटांच्या एलपी चाळणारे गोरे डीजे तोवर दुकानदारांच्या सवयीचे झाले होते. मुंबईच्याच 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' या इंग्रजी गाणाऱ्या बँडची एकुलती एक एलपी, 'ऑब्सेशन', बँड फुटल्यानंतर निघाली आणि अर्थातच खपली नाही. २०११ साली ती कॅलिफोर्नियाच्या 'नाऊ-अगेन' लेबलने पुन्हा काढली. घरचं न खपलेलं परदेशातून विकत आणायची वेळ आपल्यावर आली, तर त्यात नवल नाही.

त्याच नाऊ-अगेनचा संस्थापक ईगन याने त्याआधी, २००१ साली, 'द फंकी सिक्स्टीन कॉर्नर्स' हे फंकच्या अज्ञात सिंगलांचं संकलन जमवलं होतं. इंडियानापोलिसच्या एका बँडच्या गाण्यावरून त्याचं नाव. त्यात इतर सराईत बँडांच्या रांगेत एक नाव होतं काशमीअर स्टेज बँड. ऐकताना काही वेगळं वाटत नाही. वीस-पंचवीस जणांचा ताफा, पितळी वाद्यांची भिंत आणि खाली ड्रमचा धुमाकूळ. मग माहिती वाचावी तर हा शाळेचा बँड! ह्यूस्टनमधल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या काशमीअर हायस्कूलची पोरं, वय वर्षं पंधरा ते अठरा.

त्यांचे मास्तर कॉनराड जॉन्सन. सगळे त्यांना 'प्रॉफ' म्हणत. स्वतः सॅक्सोफोन वाजवायचे, मनात आणलं असतं तर बँडबरोबर देशभर हिंडले असते, पण शाळेत राहिले. १९६७ साली त्यांनी सोल गायक ओटिस रेडिंगचा कार्यक्रम पाहिला आणि त्यांच्या डोक्यात आलं की शाळेचा बँड असा का वाजू नये. शाळांच्या स्पर्धांत तेव्हा पोरं ताठ बसून जुने जॅझचे तुकडे वाजवत. प्रॉफची पोरं वाद्यं डोलवत, पावलं टाकत, फंक वाजवत आली आणि बक्षिसं घेऊन गेली. पुढे युरोप आणि जपानचे दौरे झाले. त्यांनी आठ एलपी काढल्या. त्या पालक, नातेवाईक आणि वस्तीतल्या लोकांत विकल्या गेल्या. १९७८ साली प्रॉफ निवृत्त झाले आणि बँड विरला.

नाऊ-अगेनने २००६ साली 'टेक्सस थंडर सोल १९६८–१९७४' काढलं. २००८च्या सुरुवातीला पन्नाशीतले विद्यार्थी पस्तीस वर्षं न उघडलेल्या पेट्या उघडून पुन्हा शाळेत जमले, तालमी केल्या आणि ९२ वर्षांच्या मास्तरांसमोर वाजवलं. त्यानंतर काही दिवसांतच प्रॉफ गेले. यावर 'थंडर सोल' नावाचा माहितीपट आहे. मिळाला तर पाहा. तालमीत पहिल्यांदा सूर फाटतात ते दृश्य विशेष.

गेल्या गणपतीच्या आधी आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा वर्गणी मागायला आला. बारावीत आहे, ढोलपथकात ताशा वाजवतो. तेव्हा नेमकी हीच एलपी लावलेली होती. तो पावतीपुस्तक हातात घेऊन उंबऱ्यात थांबला, दाराच्या चौकटीवर बोटांनी तर्री धरली, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा पकडली. मग पथक कुठलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, शाळेचा बँड आहे, काशमीअर हायस्कूल.

"काश्मीरची पोरं असलं वाजवतात?"

ह्यूस्टनची, म्हटलं. त्याने मान डोलावली, पण लक्ष ड्रमकडे होतं. वर्गणीची पावती फाडायची विसरून तो बाजू संपेपर्यंत तिथेच उभा राहिला.